शाळा संपवणाऱ्या मुलांसोबत बसताना

रविवारची उपासना संपली होती, लोक पांगले होते आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी अजून बसून होती. वय सतरा. हातात चार घड्या घातलेला कागद. त्यावर तीन अभ्यासक्रमांची नावं, प्रत्येकापुढे अर्जाची शेवटची तारीख आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत ‘प्रभूची इच्छा?’ असं लिहिलेलं. पहिली तारीख उलटून गेली होती. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी रोज प्रार्थना करतेय. अजून उत्तर आलं नाही. आणि मी चुकीचं निवडलं तर?”

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुम्ही हे काम नव्याने हाती घेत असाल, तर असा कागद तुमच्याही समोर येणार. प्रवेश मिळेल का, फी परवडेल का, आपल्याला जमेल का, ही धास्ती शाळा संपवणाऱ्या प्रत्येकच मुलाला असते. विश्वासात वाढलेल्या मुलाच्या मनात आणखी एक भीती असते: देवाने आपल्यासाठी एकच वाट ठरवली आहे आणि ती ओळखता आली नाही तर उभा जन्म वाया जाईल. ही भीती मुलं सहसा बोलून दाखवत नाहीत. ‘अजून प्रार्थना करतोय’ एवढंच म्हणतात. म्हणून अभ्यासक्रमांची माहिती देण्याआधी ही भीती हलकी करावी लागते. ते राहिलं तर बाकी सगळा सल्ला वरवरचा ठरतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गटात एक मुलगा होता. प्रार्थना अशी करायचा की मोठी माणसंही गप्प होऊन ऐकायची. एका शिबिराच्या शेवटच्या रात्री मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “तुला सेवेचं पाचारण आहे, देव तुला आपल्या कामासाठी बोलावतोय, मला स्पष्ट दिसतंय.” त्याने ते देवाचंच बोलणं मानलं. त्याला यंत्रं खोलून दुरुस्त करायची विलक्षण आवड होती. ती बाजूला ठेवून तो बायबल शाळेत गेला, वर्षभराने परतला आणि मंडळीत येणंच त्याने सोडलं. अभ्यास जमला नाही याचं त्याला फार दुःख नव्हतं. आपण देवाला नाही म्हटलं, हे ओझं तो वाहत होता, आणि ते ओझं मी त्याच्या खांद्यावर ठेवलं होतं. त्याच्या घरी जाऊन माफी मागायला मला दोन वर्षं लागली.

त्यानंतर मी बायबलमधलं पहिलं शमुवेल, तिसरा अध्याय पुन्हा वाचला आणि या वेळी माझं लक्ष लहानग्या शमुवेलाऐवजी म्हाताऱ्या याजक एलीकडे गेलं. एलीनेच हाक मारली असं वाटून मुलगा रात्री तीनदा धावत येतो. दोनदा एलीला काही उमगत नाही. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात येतं की हाक परमेश्वराची आहे. तेव्हाही तो देवाच्या वतीने काही सांगत नाही. ‘जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर बोल, तुझा दास ऐकत आहे, असं म्हण,’ एवढं शिकवून तो त्याला परत पाठवतो. आपलं काम तेवढंच. एखाद्या मुलाला देव काय सांगतोय हे मला ठाऊक आहे, असा भाव मनात आला की तोंड मिटून घ्या.

मुलांच्या खोलीत, वहीवर, फोनच्या पडद्यावर एक वचन हमखास असतं: यिर्मया २९:११, परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. ते वचन काढून घेऊ नका, पण त्याच्या वरचे सहा-सात श्लोक त्यांच्यासोबत बसून वाचा. हे पत्र बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्यांना लगेच सुटका मिळणार नव्हती, सत्तर वर्षांचा हिशेब सांगितला आहे. आणि तोवर करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा. त्या मुलीला मी हे वाचायला लावलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे वाट बघतानाही काम करायचं असतं?” गिदोनाच्या लोकरीचंही तसंच आहे. शास्त्ते पुस्तकातल्या या गिदोनाने रात्री लोकर बाहेर ठेवून देवाकडे दवाची खूण मागितली होती. ‘अमुक झालं तर देवाचा होकार’ अशी खूण मुलं मागतात. पण गिदोनाला काय करायचं ते देवाने लोकरीच्या आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या डळमळत्या मनासाठी होती, वाट शोधण्यासाठी नव्हे.

दुसरी गाठ सोडवावी लागते ती कामांच्या उतरंडीची. कुणी तोंडाने म्हणत नाही, पण मंडळीत वाढणाऱ्या मुलांच्या मनात एक शिडी तयार झालेली असते: वर पाळक (पास्टर) आणि मिशनरी, मग डॉक्टर, शिक्षक, आणि तळाशी हाताने काम करणारे किंवा व्यापार करणारे. शास्त्रात मात्र निर्गम ३१ मध्ये बसालेल नावाच्या कारागिराबद्दल म्हटलं आहे की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, आणि ते सोनं, रुपं, पितळ, पाषाण आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू बनवत असे. लुदिया जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती. आपला प्रभू स्वतः सुतार म्हणून ओळखला जात होता.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याची गोष्टही मी मुलांना सांगते. वडिलांनी त्याला कायद्याच्या अभ्यासाला घातलं होतं. १५०५ च्या जुलैत वादळात जवळच वीज कोसळली आणि घाबरून त्याने संन्यासी होण्याचा नवस केला. पंधरवड्यात तो मठात दाखलही झाला. हाच माणूस पुढे शिकवू लागला की मठातलं जीवन इतर कामांपेक्षा देवाला जास्त प्रिय असतं असं नाही. शेतकरी, आई, न्यायाधीश यांचं कामही पाचारणच आहे. आणि धावपटू एरिक लिडेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, त्याच वर्षी विज्ञानाची पदवी घेतली आणि १९२५ मध्ये चीनला जाऊन त्याने शाळेत विज्ञान शिकवलं. धावणं, प्रयोगशाळा आणि सेवा एकाच आयुष्यात मावली. ‘देवाचं की माझ्या आवडीचं’ अशा पेचात मुलं अडकतात, तेव्हा हे उदाहरण फार कामी येतं.

प्रत्यक्ष बसता तेव्हा घाई करू नका. मी एका मुलाबरोबर निदान तीनदा बसते. पहिल्यांदा फक्त ऐकते. ‘कशात रमतोस?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारते: मागच्या महिन्यात असं काय केलंस की वेळेचं भान राहिलं नाही? लोक तुझ्याकडे कशासाठी मदत मागायला येतात? कुठलं काम कंटाळा आला तरी नीट पूर्ण करतोस? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण कुठल्याही व्यवसायातला बराचसा दिवस त्याच त्या कामात जातो.

दुसऱ्या भेटीआधी त्याला ते काम करणाऱ्या कुणाला तरी भेटून यायला सांगते. मंडळीत परिचारिका, सुतार, हिशेबनीस, शिक्षक, चालक सगळे असतात, पण त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारतच नाही. त्या मुलीच्या कागदावर वरचं नाव नर्सिंगचं होतं. आमच्यातल्या एका परिचारिकेने तिला रात्रपाळी म्हणजे काय ते सांगितलं: पाय कसे सुजतात, मरणासन्न माणसाजवळ कसं बसायचं, वरिष्ठ ओरडले तर कुठे जाऊन रडायचं. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. ते चमकणं मी तिच्या कागदावर टिपून ठेवलं.

तिसऱ्या भेटीत पैसा. लूक १४ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तेच शब्दशः करा. फी, राहणं, पुस्तकं, कर्ज किती, ते फेडायला किती वर्षं, सगळं कागदावर मांडा. ‘देव पुरवील’ हे खरं आहे, पण बेरीज टाळण्यासाठी ते वाक्य वापरू देऊ नका. बायबल शाळा किंवा सेवेचं एक वर्ष हा विचार असेल तर आणखी काटेकोर व्हा. पदवीला मान्यता आहे का, तिथलं शिक्षण पुढे दुसरीकडे धरलं जातं का, खर्च कोण करणार, रोजची देखरेख कुणाची, अडचण आली तर तक्रार कुणाकडे? सेवावर्षाच्या अनेक योजनांत खर्च सहभागी मुलालाच उभा करावा लागतो. आणि हेही सांगा की अनेक ईशविज्ञान (थिऑलॉजी) महाविद्यालयांत उच्च पातळीच्या अभ्यासक्रमासाठी आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते. ज्याला खरोखर पाळकीय सेवेत जायचं आहे, त्याचं आधी दुसरं काही शिकणं वाया जात नाही.

आईवडिलांना वगळून काही ठरवू नका. विशेषतः पाळकांच्या मुलांच्या बाबतीत मी घरच्यांशी वेगळं बोलते, कारण त्या मुलांना ‘नाही’ म्हणायला जागाच नसते.

निर्णय झाल्यावर एखादी वाईट रात्र येतेच. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिलेला नियम इथे जपण्यासारखा आहे: मन कोरडं आणि उदास असेल त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. आम्ही कॅथलिक नाही, तरी मुलांना मी तो शिकवते. मन शांत झाल्यावर पुन्हा बघा. तेव्हाही नको वाटलं तर खुशाल बदला. वाट बदलणारं मूल देवापासून पळत नसतं, हे मी आता प्रत्येकाला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगते. बायबल शाळेतून परतलेल्या त्या मुलाला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मूल घर सोडून गेलं की पहिल्या महिन्यातच फोन करा. नव्या ठिकाणच्या मंडळीचा पत्ता निघण्याआधी त्याच्या हातात द्या आणि तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला कळवून ठेवा. त्या मुलीला मी तिसऱ्या रविवारी फोन केला. ती रात्रपाळी संपवून झोपली होती. “ताई, पाय खरंच सुजलेत,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा झोपली.