वॉर्म आवाजाचा हेडफोन शोधताय? आधी या चुका टाळा

वॉर्म, म्हणजे ऊबदार आवाज हवा म्हणून लोक बास, म्हणजे खालचा जाड आवाज विकत घेतात. हे इतक्यांदा बघितलंय की खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' छापलेला सेट कुणी दाखवायला आणला की मी आधी चहा टाकायला सांगतो. बोलणं लांबणार हे ठरलेलं.

आवाजातला ऊबदारपणा साधारण 100 ते 300 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका मोठा तितका सूर उंच). हा भाग किंचित भरलेला आणि वरचा ट्रेबल, म्हणजे बारीक, उंच आवाज जरा शांत असला की गाणं मऊ लागतं. छातीत धडधडणारा बास 60 हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. तो वाढवला तर गाणाऱ्याच्या तोंडावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या एका पोरानं नोकरी लागल्यावर वडिलांसाठी असाच सेट मागवला. अप्पांचं ऐकणं म्हणजे गंगूबाई हनगल आणि कुमार गंधर्व. (कुमारजी आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, त्यामुळं तिथं तडजोड नाही.) थोड्याच दिवसांत पोरगा दारात. "काका, अप्पा म्हणतात गंगूबाई शेजारच्या खोलीत बसून गायल्यासारख्या वाटतात." मी लावून बघितलं. बाईंच्या भारदस्त खर्जावर बास चढून बसलेला, आणि वर 'स', 'श' कानाला टोचत होते. पुष्कळ बासवाल्या सेटमध्ये ट्रेबलही उचललेला असतो, नाहीतर सगळंच गढूळ वाटेल. मधला गळा तेवढा मागं पडतो. म्हणजे वॉर्मच्या नेमकं उलट.

एवढं सांगितलं, तर पठ्ठ्यानं फोनमध्ये बास बूस्ट चालू करून बघितला! मग तो सेट परत केला आणि कुठल्याशा व्हिडिओच्या भरवशावर 300 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा हेडफोन मागवून थेट फोनला जोडला. आवाज पूर्ण चढवला तरी ख्यालात जीव येईना. निवड चांगली होती, जोडणी चुकली होती, एवढ्या ओहमला फोनची ताकद पुरत नाही. माझा छोटा हेडफोन अँप, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा डबा मधे लावला आणि अप्पांनी मला बसा म्हटलं. तो अँप अजून त्यांच्याकडेच आहे.

तेव्हा आधी तुमच्याकडं वाजवायला काय आहे ते बघा. सेनहायझर एचडी 650 हा 2003 सालापासूनचा सेट वॉर्म आवाजासाठी नावाजलेला आहे, पण तो 300 ओहमचा, त्याला अँप हवाच. फोनवरच भागवायचं असेल तर कॉस पोर्टा प्रो बघा. 1984 पासून चालत आलाय, 60 ओहमचा, कलही वॉर्मकडं. दिसायला खेळण्यासारखा आहे, त्याला इलाज नाही. नुसता ओहमचा आकडा बघूनही भागत नाही, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत सेट किती मोठ्यानं वाजतो ते) कमी असेल तर कमी ओहमचा सेटही फोनला जड जातो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे आवाज सारखा न करता दोन सेटची तुलना करणं. जरा मोठ्यानं वाजणारा सेट नेहमी भरदार वाटतो. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून दाखवलंय. आणि खडेबाजारातल्या गर्दीत दुकानाच्या दाराशी उभं राहून ओपन-बॅकची परीक्षा कुणी घेऊ नये. रिक्षांचा आवाज तुमचा बास खाऊन टाकतो. मी घरी, पंखा बंद करून, रोज ऐकतो त्याच आवाजात ऐकतो. नुसता तंबोरा, मग बाईचा गळा, मग तबला. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजन, झणझणीत न होता उलगडली पाहिजे आणि डग्गा घुमला तरी गळ्यावर चढता कामा नये. नव्या सिनेमातलं धांगडधिंगा गाणं लावून सेट पारखणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आहे तो सेट जरा टोचत असेल तर लगेच नवा घेऊ नका. आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर मिळतं: विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. मी आधी 6 ते 8 किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबल खाली घेतो आणि तसाच काही दिवस ऐकतो. तेवढ्यानं नाही भागलं तरच 200 हर्ट्झच्या आसपास एखादा डेसिबल वाढवतो, आणि तेवढाच प्रीअँप (त्यातली एकंदर आवाजाची पट्टी) कमी करतो, नाहीतर आवाज फाटतो. अधीर मंडळी सगळ्या पट्ट्या एकदम हलवतात आणि मग काय बिघडलं ते सापडत नाही.

शंभर तास वाजवत ठेवला की आवाज मऊ होतो म्हणतात. बहुतेकदा कानाला सवय होते, आणि तोवर परत करायची मुदत संपते.

कानावरची कुशन बघा. आमच्याकडच्या पावसाळ्यात रेग्झिनची सालं निघतात, स्पंज बसतो आणि ट्रेबल-बासचा तोल बदलतो. बदलताना त्याच मॉडेलची घ्या. रेग्झिनच्या जागी मखमली लावली तर क्लोज्ड-बॅकमध्ये, म्हणजे मागून बंद सेटमध्ये बास हमखास उतरतो.

चष्मेवाल्यांनी काडी कानामागं नीट बसलीय का ते बघावं. तिथं फट राहिली तर बास निसटतो, आणि चांगला वॉर्म सेटही पातळ वाटायला लागतो.