उन्हाळा, धूळ अन् कॅबिनेटचे फॅन: पीसी सजवताना या चुका टाळा

मे महिन्यात परभणी, जालना, नांदेड कुठंबी जा, पारा 42-43 वर, अन् नेमकी तेव्हाच लग्नसराई. म्हणजे फोटो स्टुडिओवाल्यांचे पीसी वर्षातलं सगळ्यात जड काम सगळ्यात तापलेल्या दिवसांत करायलेत. मग रेंडर (व्हिडिओची शेवटची फाईल तयार होणं) रखडतं, पीसी मधूनच बंद पडतो, अन् लोक काय करतात तर अजून दोन फॅन आणून बसवतात. आधी एवढं पक्कं ध्यानात घ्या की कॅबिनेटचा (पीसीच्या डब्याचा) फॅन हवा थंड करत नाही, निस्ती आतली गरम हवा बाहेर काढतो अन् खोलीतली आत घेतो. खोलीत 38 असेल तर कॅबिनेटच्या आत त्याच्या खाली काही केल्या जाणार नाही. म्हणून फॅन किती ह्याच्यापेक्षा हवा येते कुठून, जाते कुठून अन् सोबत धूळ किती आणते हे आपल्याकडं जास्त महत्त्वाचं आहे.

पुढून काच असलेलं कॅबिनेट

दिसायला लई भारी, मान्य. पण पुढं सपाट काच असली की त्यामागचे तीन फॅन बाजूच्या बोटभर फटीतून हवा ओढायच्या नादात निस्ते गरगर फिरतात, आवाज करतात अन् हवा मात्र थोडीच आत येते. आपल्या भागासाठी पुढून जाळीचंच कॅबिनेट घ्या. काचेचं आधीच घेतलं असेल तर पुढचा पॅनल काढून तेच काम अर्धा तास चालवा, तापमान बघा, मग पॅनल लावून पुन्हा बघा. सात-आठ डिग्रीचा फरक पडला तर दोष फॅनचा नाही, पॅनलचा आहे, नवीन फॅनवर पैसे घालू नका.

फॅन उलटे बसवणं

ही चूक दुकानातून असेंबल होऊन आलेल्या पीसीतसुद्धा दिसते. फॅनच्या ज्या बाजूला मधल्या स्टिकरला धरणाऱ्या आडव्या काड्या असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते, मोकळ्या बाजूनं आत ओढली जाते. काही फॅनच्या कडेला बाण कोरलेले असतात, पण सगळ्यांच्या नाही. पुढचे अन् खालचे फॅन हवा आत घेणारे, मागचा अन् वरचे बाहेर टाकणारे, ही साधी रीत. शंका आली तर अगरबत्ती लावून पुढच्या जाळीजवळ धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे, अन् मागं धरली की बाहेर ढकलला गेला पाहिजे.

आता इथं धुळीचा विषय येतो. सगळेच फॅन बाहेर हवा फेकणारे लावले तर आत ओढ तयार होते अन् जिथं फट मिळंल तिथून, यूएसबीच्या भोकातून, कार्डाच्या पट्ट्यांतून, हवा घुसते, फिल्टरमधून नाही. उन्हाळ्यातला फुफाटा सगळा ग्राफिक कार्डावर जाऊन बसतो. त्यामुळं आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखाद-दोन जास्त ठेवा, पुढं तीन अन् मागं एक एवढं बहुतेकांना पुरतं. मानवत-सेलूकडं जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना कापसाच्या तंतूचा जास्तीचा त्रास, तो फिल्टरवर गोधडीसारखा थर धरतो अन् एकदा थर धरला की फिल्टर असून नसून सारखाच. सीझनमध्ये दर आठवड्याला फिल्टर काढून धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मगच लावायचा. फिल्टर नसंल तर मच्छरदाणीची बारीक नायलॉन जाळी कापून आतून लावली तरी चालते. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच स्पीडनं फिरून बेअरिंग खराब होतं.

खोलीतल्या कूलरचं तोंड पीसीकडं करणं

वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो म्हणजे पीसीलाबी फायदाच आहे, पण समोर आणून लावू नका. ओली हवा अन् बारीक तुषार थेट आत जातात, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो, तो ब्लोअरनं निघत नाही अन् पिना गंजतात.

लाईटची पिन चुकवणं

पैसे जाणारी चूक ही आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. लाईटवाल्या फॅनमध्ये दोन जाती आहेत, साध्या आरजीबीला (सगळे लाईट एका वेळी एकाच रंगाचे) 12 व्होल्ट अन् चार पिना, तर एआरजीबीला (प्रत्येक लाईटचा रंग वेगळा करता येतो) 5 व्होल्ट अन् तीन पिना, मधली एक जागा रिकामी. 5 व्होल्टवाली जर 12 व्होल्टच्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जागेवर) दाबून बसवली तर लाईट तिथल्या तिथं जळतात. पिन सहज बसंना म्हणजे ती जागा तिची नाही, जोर लावू नका, मदरबोर्डवर बारीक अक्षरात व्होल्ट लिहिलेले असतात ते टॉर्च लावून वाचा.

फिरायची पिन वेगळी असते. तीन पिनवाल्या फॅनचा स्पीड व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, चार पिनवाल्याचा पीडब्ल्यूएम सिग्नलनं, म्हणजे चौथ्या पिनवरून भराभर चालू-बंद होणाऱ्या इशाऱ्यानं. तीन पिनवाला फॅन कायम फुल स्पीडला ओरडत असंल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन त्या हेडरचा मोड डीसी, म्हणजे व्होल्टेजवर चालणारा, करा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच शांत होतो. अन् एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स वायरवर, म्हणजे थेट विजेच्या चार पिनच्या वायरवर, जोडलेले फॅन बायोसच्या हातात नसतातच. स्प्लिटर (एका पिनचे अनेक फाटे करणारी वायर) लावून एका हेडरवर पाच-सहा फॅन लटकवू नका, बऱ्याच मदरबोर्डला एका हेडरमागं 1 अँपिअरचीच मर्यादा असते, फॅनवरचा अँपिअरचा आकडा वाचून बेरीज करा.

पत्रा कापताना घाई

जुन्या कॅबिनेटला वरून फॅनचं भोक पाडून घ्यायला लोक थेट फॅब्रिकेशनच्या दुकानात नेतात, ते बरोबरच आहे, फक्त आधी मदरबोर्ड, एसएमपीएस, हार्ड डिस्क सगळं बाहेर काढा. निस्ता कपडा झाकून भागत नाही, ग्राइंडरचा बारीक लोखंडी चुरा कुठंबी जाऊन बसतो अन् नंतर शॉर्ट करतो. माप फॅनवरून घ्या: 120 एमएमच्या फॅनच्या शेजारच्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत 105 एमएम अंतर असतं, 140 एमएमवाल्याचं 124.5. आधी पुठ्ठ्यावर आखून, कापून, फॅन ठेवून बघा. वरच्या फॅनखाली मदरबोर्डची रॅम किंवा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आडवी येते का तेबी तेव्हाच बघा, फॅनची जाडी साधारण 25 एमएम असते. कापल्यावर कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर वायर सोलली जाते. रंग मारण्याआधी चुरा धुऊन पुसून काढा.

एवढं करूनही तापत असंल तर

बाजूचा पॅनल उघडून तेच काम चालवा. तापमान बरंच खाली आलं तर हवेच्या वाटेत अडथळा आहे, वरच्या गोष्टी पुन्हा तपासा. काहीच फरक नाही पडला तर कॅबिनेटचे फॅन सोडा अन् प्रोसेसरचा कूलर उघडा: खालचं प्लॅस्टिकचं पातळ कव्हर तसंच राहिलंय का, चारी स्क्रू सारखे आवळलेत का, थर्मल पेस्ट (प्रोसेसर अन् कूलरच्या मधे लावायचा लेप) सुकून पापुद्रे झालेत का. अन् पीसी जड काम नसतानाबी झटक्यात बंद पडत असंल, तापमान साधंच दिसत असंल, तर एसएमपीएस दुसरा लावून बघा, तो बिघाड फॅननं सुटणारा नाही.