फुटलेली काचेची हंडी सांधताना ग्लू कसा निवडावा

जुन्या घरातली, छताला टांगायची दिव्याची काचेची हंडी फुटली की हात आधी इन्स्टंट ग्लूच्या ट्यूबकडे जातो. जरा थांबा. तो लगेच धरतो, त्यामुळे तुकडा केसभर सरकला तरी सुधारायला वेळ मिळत नाही. शिवाय ओलाव्यामुळे काचेवरची त्याची पकड हळूहळू सुटते. जुन्या काचेच्या बाबतीत मी आधी एकच विचारते: चुकलं तर सोडवता येईल का?

१. बारीक कपचेसुद्धा गोळा करा. कडा ॲसिटोनने पुसा आणि मग तिथे बोट लावू नका. सोनेरी नक्षीला किंवा रंगकामाला मात्र ॲसिटोन लागू देऊ नका.

२. ग्लू न लावता तुकडे जुळवून बघा. सांध्यावर आडव्या चिकटपट्ट्या लावा, क्रमाचे आकडे टाका. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा जागेत शिरतच नाही. सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर पट्टी काढून पुन्हा बसवा. इथे अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

३. आता ग्लू. संग्रहालयांत वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं आणि सहसा पिवळं पडत नाही. सांध्यात बुडबुडे मात्र दिसू शकतात, आणि साधारण ४० अंशांना ते मऊ पडायला लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात हे लक्षात ठेवायलाच हवं.

सांधा दिसूच नये असं वाटत असेल तर हक्सटल एनवायएल-१ हे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा ग्लू, घ्या. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.५२, याचाही तितकाच. म्हणून प्रकाश भेगेत फारसा वळत नाही आणि रेघ जवळजवळ नाहीशी होते. दोन भाग वजनाने ३:१ मोजा, अंदाजाने नको. पट्ट्या लावलेल्या सांध्यावर काडीने थेंब टेकवा, तो भेगेत आपोआप ओढला जातो. मग आठवडाभर हात लावू नका. हे सोडवणं अवघड असतं, म्हणून जुळणी पक्की झाल्यावरच वापरा. दुकानातलं साधं इपॉक्सी काही वर्षांत पिवळं पडतं.

४. जास्तीचा ग्लू पातीने अलगद खरवडा. पट्टी ओढू नका, कडेने भिजवून सोडवा. नाहीतर नक्षी तिच्याबरोबर निघते.

सांधलेली हंडी पुन्हा डोक्यावर टांगू नका, तिच्यात दिवाही लावू नका, कपाटात ठेवा. कंदिलाची चिमणी आणि पाणी प्यायचा ग्लास तर सांधूच नका.