यीस्ट गिळलं की नुसतं चिकटलं?

मॅक्रोफेज म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांना हिरवा चमकणारा रंग लावलेलं यीस्ट दिलं आणि त्यांच्यावर हिरवे ठिपके दिसले की पेशीने यीस्ट गिळलं, असं वाटतं. त्यातले बरेचसे बाहेरच चिकटलेले असतात. खरी मेहनत ते वेगळे ओळखण्यातच आहे.

कण महागडे नकोत. आपले पोदेर (गोव्यातले पाववाले) हल्ली सुरेऐवजी, म्हणजे ताडीऐवजी, वापरतात ते कोरडं यीस्ट चालतं. पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारट बफरमध्ये) भिजवा, उकळत्या पाण्यात ३० मिनिटं ठेवून मारा, तीनदा धुवा. मग ०.१ मोलर कार्बोनेट बफरमध्ये, पीएच ९.५ ला, एफआयटीसी हा हिरवा चमकणारा डाय घाला. डाय आधी डीएमएसओ या द्रावकात १० मिग्रॅ/मिली करून ठेवा आणि यीस्टमध्ये १०० पट पातळ करा. अंधारात ३० मिनिटं ठेवा. बफर ट्रिसचा नको, त्यातले अमाइन डाय स्वतःच खाऊन टाकतात. शेवटी वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा.

पावसाळ्यात गोव्याच्या हवेत डायची कुपी फ्रीझरमधून काढून लगेच उघडलीत तर आत दव धरतं आणि डाय कामातून जातो. कुपी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) अर्धा-पाऊण तास राहू द्या. तिथलं निळं सिलिका जेल गुलाबी झालेलं असेल तर आधी ते भाजून घ्या.

आदल्या दिवशी २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक कव्हरस्लिपवर २ लाख रॉ २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेजसारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) बसवा. यीस्टचे गठ्ठे २६ गेजच्या सुईतून काढून मोडा, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर) मोजा, पेशीमागे ५ ते १० घाला. एक प्लेट ३७ अंशांवर ४५ मिनिटं. दुसरी पहिल्यापासून बर्फावर, तिथे कण चिकटतात पण गिळले जात नाहीत. जमल्यास तिसऱ्या संचाला गिळणं रोखणारं १० मायक्रोमोलर सायटोकॅलॅसिन डी अर्धा तास आधी द्या; ते डीएमएसओत विरघळवलेलं असतं, म्हणून तेवढंच डीएमएसओ इतर वेलनाही.

नंतर थंड पीबीएसने धुऊन ०.२ टक्के ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग घाला. तो जिवंत पेशीत शिरत नाही, बाहेरच्या यीस्टचा हिरवा उजेड मात्र विझवतो. आधी मोकळ्या यीस्टवर थेंब टाकून तपासा; ते विझत नसेल तर पुढचे आकडे मोजू नका. बर्फावरच्या प्लेटमध्येही हिरवं उरलं तर ट्रिपॅन कमी पडला किंवा प्लेट मध्येच गरम झाली.

तासभराहून जास्त थांबायचं असेल तर एफआयटीसी सोडा. फॅगोसोम (गिळलेला कण ज्यात राहतो ती पेशीतली पिशवी) आम्ल होत जातो तसा या डायचा उजेड मंदावतो आणि गिळणं थांबल्यासारखं वाटतं. पीएचरोडो हा दुसरा डाय उलटा वागतो, आम्लात उजळतो. तो जिवंत पेशींतच पाहा, फिक्स केल्यावर आकडा भरवशाचा नसतो.