नवी जात नोंदवायची तर आधी जुनी नावं संपवा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माझ्या फोनवर एक तरी फोटो येतो. कुळागरातल्या (सुपारी-माडांच्या बागेतल्या) पाटाकाठचा बेडूक, न्हाणीघरातली पाल, नाहीतर कुजक्या फणसाच्या ओंडक्यावर उगवलेली अळंबी. खाली एकच ओळ असते : "टीचर, ही नवी जात आसा?" गोव्यात वाळपईजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त झाले तरी मुलं मला टीचरच म्हणतात. दर वर्षी तेच उत्तर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून ते इथे एकदाच लिहून ठेवते.

वाट मोठी आहे, पण ती आपल्या दारातून जाते. केरी गाव तुम्हांला अंजुणे धरणामुळे ठाऊक असेल. त्याच केरीतल्या एका देवगांडुळाचं वर्णन २००७ साली प्रसिद्ध झालं आणि त्याला जेजेनिओफिस गोएन्सिस हे नाव मिळालं. गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर. लोक त्याला कुदळीने तोडतात नाहीतर सापाचं पिल्लू समजून ठेचतात. म्हणजे तो गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला होता. नव्हतं ते फक्त त्याचं नाव. त्यामुळे "मला सापडला" याला फारसा अर्थ नाही. आजवर ज्यांना नावं दिली गेली त्यांच्यातला हा कोणीच नाही, हे दाखवून देणं हेच खरं काम.

माझी पहिली 'नवी जात' एका रात्रीत बुडाली. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर रात्री एक झाडबेडूक दिसला, गडद तपकिरी, पाठीवर ठळक डाग. बाटलीत ठेवला आणि झोपले. सकाळी बघते तर बाटलीत फिकट, पिवळट, जवळजवळ बिनडागाचा बेडूक. यजमानांनी रात्री बाटली बदलली की काय असा मला खरंच संशय आला. होता तो आपला नेहमीचा पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस. दिवसा आणि रात्री त्याचा रंग इतका बदलतो की एकाच बेडकाच्या दोन जाती होतील. तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे : रंगावर भाळायचं नाही.

सुरुवात परवानगीपासून करा, कॅमेऱ्यापासून नको. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला इथून पानसुद्धा उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. प्राणी पकडायचा, त्याची ऊतक घ्यायची किंवा नमुना ठेवायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला, असेल तर प्रकरण केंद्रापर्यंत जातं. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या सापालाही हेच लागू. चोर्ला घाटात पावसात असे किती पडलेले असतात, उचलायचा मोह होतो, तो आवरा. परवानगी विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला मिळते, तुम्हां-आम्हांला एकट्याने सहसा मिळत नाही. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात एखादा वर्गीकरण करणारा अभ्यासक गाठा. आपल्याकडे पाय आहेत, डोळे आहेत, व्हाळांची (ओढ्यांची) माहिती आहे. त्याच्याकडे कागद आहेत. कोणी परदेशी संशोधक नमुने मागायला लागला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय काडीही देऊ नका.

परवानगी येईपर्यंत बघायला कोणाची मनाई नाही, आणि सगळ्यात जास्त शिकणं तेव्हाच होतं. एक सडा (जांभ्या दगडाचं पठार) निवडा किंवा एक व्हाळ, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथेच जा. दहा ठिकाणी एकेकदा गेलात तर फोटो मिळतील. एका ठिकाणी दहादा गेलात तर नेहमीचं कोण आणि अनोळखी कोण हे कळायला लागेल. बेडकांच्या बाबतीत कान आधी तयार होतात. दिसायला हुबेहूब असणारे दोन बेडूक वेगळ्या आवाजात ओरडत असतील तर थांबा. फोनवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि हवेचं तापमान लिहून ठेवा, कारण गारव्यात बेडूक सावकाश ओरडतो आणि तापमानाशिवाय तुलना फुकट जाते. ज्याचा आवाज घेतला त्याचाच फोटो काढा. शेजारच्याचा काढला की पुढे सगळा घोळ.

फोटो वरून, दोन्ही बाजूंनी, पोटाकडून, मांडीच्या आतल्या भागाचा, आणि बोटांमधल्या पडद्याचा. शेवटच्या दोघांकडे कोणी बघत नाही, आणि ओळख बहुधा तिथेच पटते. पालीच्या बाबतीत बोटांखालच्या पट्ट्या आणि नराच्या मांडीवरची छिद्रं मोजावी लागतात. डोळ्याची बाहुली गोल असून ती दिवसा जांभ्या दगडांत पळताना दिसली तर नेमॅस्पिस या जीनसमधली (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) असण्याची शक्यता मोठी. त्यातल्या एकीचं, नेमॅस्पिस गोएन्सिसचं, वर्णन काणकोणातल्या नमुन्यांवरून १९७६ साली झालं. साप मात्र हातात धरायचा नाही. पुन्हा सांगते, धरायचा नाही. फुरसं आणि चापडा दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत. दुरून फोटो घ्या. कात मिळाली तर जागा लिहून ठेवा. परवानगी असेल तर त्या कातीवर खवले मोजता येतात, डीएनएसुद्धा निघू शकतो.

आता वहीबद्दल. तारीख, वेळ, जागा, जीपीएस, उंची, कशावर बसला होता, आजूबाजूला काय होतं, सोबत कोण होतं. रानातून परतल्यावर लिहीन म्हणालात की संपलं. प्रत्येक नमुन्याला एकच क्रमांक, आणि तो क्रमांक चिठ्ठीवर, ऊतकाच्या नळीवर, फोटोवर आणि वहीत तोच. चिठ्ठी जाड कागदाची, अक्षर पेन्सिलीचं. एका वर्षी घाईत मी बॉलपेनने लिहिलं. ती परवानगीच्या कामातली अकरा नळ्यांची जुडी होती. आठवड्याने पाहिलं तर स्पिरिटने अक्षरं धुऊन नेलेली, चिठ्ठ्या निळसर आणि कोऱ्या. ऊतक शाबूत होती, पण कोणाची ते देवालाही सांगता आलं नसतं. अकराच्या अकरा टाकल्या. बरोबरच्या अभ्यासकाने मला शब्दाने दुखावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नमुना का मारायचा, हा प्रश्न मुलं विचारतात आणि विचारायलाच हवा. होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं चिकटतं तो. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो काढून बघता आला पाहिजे. म्हणून थोडेच, पण नर-मादी दोन्ही ठेवले जातात, आणि ते काम शिकलेल्या माणसाने बधीर करून करायचं असतं. क्रम एवढा लक्षात ठेवा : आधी जिवंत असतानाचा फोटो, मग यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये, आणि त्यानंतरच शरीर फॉर्मालिनमध्ये, पुढे सत्तर टक्के इथेनॉलमध्ये. उलट केलंत तर फॉर्मालिन डीएनएची वाट लावतं.

अळंबीकडे आले की माझी लेखणी लांबते, क्षमा करा. गोव्यात अळंबी म्हटलं की रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची टर्मिटोमायसेस, आणि श्रावणातला तिचा भाव. पण अभ्यासासाठी कोयत्याने वरच्यावर छाटलेली अळंबी निरुपयोगी. वारुळावरच्या अळंबीला जमिनीखाली लांब शेपटी असते, ती वाळवीच्या घरट्यापर्यंत जाते. विषारी अमानिटाच्या बुडाशी पिशवी असते. दोन्ही मातीत राहतात आणि हातात येते नुसती छत्री. म्हणून सुरीने खणून बुडासकट काढा. वास घ्या, मध्ये चिरा, चिरल्यावर रंग बदलतो का ते घड्याळ लावून बघा. हे सगळं तिथल्या तिथे करायचं, कारण संध्याकाळपर्यंत तिचा चिखल होतो. अनोळखी अळंबी चाखू नका, मग कोणी कितीही अनुभवी सांगो.

घरी आल्यावर एक छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घाला आणि वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंची नक्षी उमटलेली असते. पांढरे बीजाणू काळ्यावर दिसतात, गडद ते पांढऱ्यावर. उरलेली अळंबी वाळवायची. जुलैमध्ये आमच्या सत्तरी तालुक्यात ऊन कुठलं? मी बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, आत जाळी बसवली, खाली जुना पिवळा बल्ब. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ती शिजते. वीज गेली की डबा चुलीच्या वायलावर जातो. कुरकुरीत झाली की सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डब्यात. मग सूक्ष्मदर्शकाखाली निदान वीस-तीस बीजाणू मोजायचे, एक-दोन मोजून सरासरी सांगायची नाही.

आणि ज्याला खरोखर नवी जात हवी आहे त्याने छत्र्यांच्या मागे न लागता कुजक्या पानांकडे वळावं असं माझं मत आहे. पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद, त्यावर कुळागरातला पालापाचोळा, झाकण, आणि दोन-तीन आठवडे रोज निरीक्षण. पानावर केसाएवढ्या बुरश्या उगवतात. गोवा विद्यापीठात प्रा. डी. जे. भट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा सूक्ष्म बुरश्यांवर कितीतरी काम केलं, नव्या जाती उजेडात आणल्या. त्यासाठी घाट चढावा लागत नाही, जळवाही लागत नाहीत.

इथवर झालं की मग जुनी नावं संपवायची. उभयचरांसाठी 'अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड', सरपटणाऱ्यांसाठी 'रेप्टाइल डेटाबेस', बुरशीसाठी 'इंडेक्स फंगोरम' किंवा 'मायकोबँक'. त्या जीनसमधली आपल्या भागातली सगळी नावं कागदावर उतरवा, आज बाद ठरलेलीसुद्धा. बाद नाव हाच खरा सापळा : दीडशे वर्षांपूर्वी कोणा साहेबाने 'मलबार' एवढाच पत्ता देऊन नाव दिलेलं असतं, नंतर कोणीतरी ते दुसऱ्या नावात मिसळलेलं असतं, आणि तुमचा बेडूक नेमका तोच निघतो. मग जुनं नावच उठून बसतं, तुमचं राहतं बाजूला. म्हणून प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा आणि समोर लिहा : हा नाही, कारण अमुक. कारण लिहिता आलं नाही तर ते नाव अजून जिवंत आहे. माझ्या वहीत एका पालीपुढे अशी नावं खोडत खोडत चार पानं गेली आणि शेवटी एक उरलंच. ती पाल जुनीच होती.

डीएनए यात साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. बेडकांसाठी बहुधा १६एस, पालींसाठी एनडी२, बुरशीसाठी आयटीएस हा भाग वाचतात. बेडकाच्या १६एसमध्ये साधारण तीन टक्के फरक दिसला की कान टवकारायचे, एवढंच. आकडा एकटा पुरत नाही. शरीर, आवाज, राहण्याची जागा यांनीही तेच सांगावं लागतं.

वर्णनाचं काळीज म्हणजे 'डायग्नोसिस', ही जात जवळच्या जातींपासून कशी वेगळी हे सांगणारा चार-सहा ओळींचा भाग. त्यात कौतुक नको. मुलांना मी काल्पनिक पाल घेऊन शिकवते. "मध्यम आकाराची, सुंदर तपकिरी पाल" हे शून्य मार्कांचं. "प्रौढ नराची लांबी तोंडाच्या टोकापासून अवस्करापर्यंत (शेपटीच्या बुडाशी असलेल्या छिद्रापर्यंत) ३६ मिमीच्या आत, मांडीवर प्रत्येकी ४ छिद्रं (अमुक जातीत ७-८), पाठीवरचे खवले सगळे सारखे (तमुक जातीत मधूनमधून मोठे गोळे)" हे चालेल. प्रत्येक शेजाऱ्याशी एकेक करून भांडण मिटवायचं.

नाव ठेवणं हा शेवटचा आणि सोपा भाग, पण सगळे तिथूनच सुरू करतात. पुरुषावरून असेल तर शेवटी 'आय' अक्षर, बाईवरून 'एई', जागेवरून बहुधा 'एन्सिस'. नेत्रावळीतल्या एका बेडकाला २०१५ साली वनाधिकाऱ्याच्या आडनावावरून इंडिराना सालेलकरी म्हटलं गेलं. त्याच वर्षी गोमंतकी हा बेडूक आला, २०१८ साली गोएम्ची, चक्क कोंकणीतलं 'गोंयचे'. दोघे आले फेजेरवार्या या जीनसमध्ये, आता मिनर्वार्या या जीनसमध्ये गेले. जीनस बदललं तरी जातीचं नाव टिकतं. तेच नाव एका जीनसमध्ये दोनदा चालत नाही, पण पाल गोएन्सिस आणि देवगांडूळही गोएन्सिस, याला हरकत नाही. स्वतःचं नाव देऊ नका. नियम अडवत नाही, लोक हसतात.

नमुना घरच्या कपाटात ठेवून नाव देता येत नाही. जैवविविधता कायदा २००२, कलम ३९ : नवी जात मिळाली की ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, त्यांचं पश्चिम केंद्र पुण्यात आहे. बुरशीसाठी पुण्याच्याच आघारकर संस्थेतला अजरेकर संग्रह. बुरशीच्या नावाला २०१३ पासून नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. प्राण्यांचा पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंद करून ती पेपरातच छापावी लागते. हे राहिलं तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. झूटॅक्सासारख्या वर्गीकरणाच्या नियतकालिकाला सहा-आठ महिने लागले तर लागू देत. आणि छापून येईपर्यंत जागा सोशल मीडियावर टाकू नका. पालींनाही गिऱ्हाईक असतं.

माझ्या बिस्किटाच्या डब्यात सध्या एक अळंबी आहे, क्रमांक सत्तरी २३/१४, पेन्सिलीने लिहिलेला. करड्या टोपीची, चिरली की अंदाजे सात मिनिटांत लालसर होणारी. यादीतली नऊ नावं खोडून झाली, दोन उरली आहेत. त्यांतल्या एकाच्या मूळ वर्णनात चिरल्यावर रंगाचं काय होतं हे लिहिलेलंच नाही, म्हणून बाकीच्या खुणा पडताळायला ताजी हवी आहे. मागच्या दोन वर्षांत त्या ओंडक्यावर ती उगवली नाही. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा जाणार आहे, या वेळी घड्याळ विसरणार नाही.