कियामाचा ब्लोहोल बघायला जाताय? या चुका टाळा

सिडनीत आल्यापासून पाहुण्यांना कियामाला नेण्याचं खातं माझ्याकडेच आहे. तिथला ब्लोहोल म्हणजे कड्याला पडलेलं भोक. खालच्या गुहेत लाट घुसली की कोंडलेली हवा दाबली जाते आणि पाणी वर उसळतं, कधीकधी २५ मीटरपर्यंत. पण समुद्राच्या मनात असेल तरच, आणि ते न बघता निघणं ही सगळ्यात मोठी चूक.

मीही केलीय. नाशिकचे मामा आले होते. सव्वाशे किलोमीटर गाडी हाकली. ऊन लख्ख, समुद्र तळ्यासारखा. अर्धा तास कठड्याला टेकून उभे, भोकातून नुसती गुरगुर. शेवटी मामा म्हणाले, "अरे, आमच्या नळाला अस्साच आवाज येतो. पण आमच्याकडे नंतर पाणी येतं!"

भरती आहे ना, मग झालं, असं समजू नका. लाट आग्नेयेकडून यायला हवी. मी आदल्या रात्री अंदाजात लाटेची दिशा आणि उंची बघतो, मगच डबे भरायला सांगतो. लाट ईशान्येची असेल तर दोनेक किलोमीटर दक्षिणेचा लिटल ब्लोहोल गाठतो. आहे लहान, पण त्या दिवशी कामाला येतो. आणि दहा मिनिटांत "काहीच नाही हो इथे" म्हणून गाडीकडे वळणाऱ्यांवर माझ्याकडे उपाय नाही. मोठ्या लाटा टोळीने येतात. मी चहाचा थर्मास नेतो.

दुसरी चूक, कठडा ओलांडणं. "एकच फोटो" म्हणत खडकावर उतरणारे दर खेपेला दिसतात. १९९२ मध्ये इथे एकाच वेळी सात जण बुडाले. माझा नियम साधा: खडक ओला दिसला, म्हणजे तिथवर लाट येऊन गेली आहे. तिथे मी पाय ठेवत नाही, मामांनाही ठेवू दिला नाही. ते रुसले, चाललं.

चपला नकोत, बूट घाला. फोन आधीच रोखून ठेवा. जमिनीखालून 'धप्प' ऐकल्यावर खिशात हात घातलात तर फक्त भिजलेली माणसं टिपाल. आणि चष्म्यावर तुषार बसले तर कोरड्या रुमालाने घासू नका. मिठाने काच ओरखडते, साध्या पाण्याने धुवा.