सांगली-मिरज परिसरात नोकरी शोधताना : कोणत्या जागा कुठे आणि केव्हा निघतात

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महापालिका एक असली, तरी रोजगाराचा बाज तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. म्हणून आपल्याला कोणते काम येते हे ठरल्यावर कोणत्या भागात फिरायचे, हेही आधी ठरवावे.

यंत्रावरचे काम येत असल्यास कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत सकाळी, पहिली पाळी आत गेल्यानंतर फिरावे. लहान कारखानदार जाहिरातीवर सहसा खर्च करत नाहीत. ‘सीएनसी ऑपरेटर (संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारे) पाहिजेत, हेल्पर पाहिजेत’ एवढाच फलक गेटवर लागतो आणि जागा भरली की उतरतो. वॉचमनकडे नुसता बायोडाटा ठेवून परतू नये, सुपरवायझर केव्हा भेटतील हे विचारून त्या वेळी पुन्हा जावे. बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात कोणते यंत्र चालवता येते, नुसते चालवता येते की सेटिंगही जमते, आणि रात्रपाळीला येण्यासाठी स्वतःची गाडी आहे का, हे स्पष्ट लिहावे. आयटीआय झालेल्यांनी पलूस आणि किर्लोस्करवाडीचा पट्टाही पाहावा, तसेच शासनाच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवावे.

मिरजेत दवाखान्यांची दाटी असल्याने नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसी आणि रिसेप्शन या कामांसाठी तिथेच चौकशी करणे सोयीचे ठरते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील गणित हंगामावर चालते. हळद आणि बेदाण्याची आवक वाढते तेव्हा, म्हणजे साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडावर, आडत दुकानांना हिशेबासाठी आणि वजनकाट्यावर माणसे लागतात. संगणकावर हिशेब ठेवता येणाऱ्या वाणिज्य पदवीधराने या कामाला कमी लेखू नये, असे माझे मत आहे. मात्र इथे ओळखीला वजन असते, त्यामुळे गावातील एखाद्या शेतकऱ्याचा माल ज्या पेढीवर जातो, तिथून सुरुवात करावी. साखर कारखान्यांचेही तसेच आहे: गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होत असल्याने हंगामी कामाची विचारणा दसऱ्याला बॉयलर पेटण्याआधीच करावी.

शासनाच्या महास्वयम् पोर्टलवरील नोंदणी विनामूल्य आहे आणि ती अवश्य करावी, पण केवळ तिच्या भरवशावर राहू नये. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या रोजगार मेळाव्यांची माहिती या पोर्टलवर मिळते; मेळाव्याला जाताना मूळ कागदपत्रे आणि बायोडाट्याच्या चार-पाच प्रती जवळ असाव्यात.

नोकरी लावून देतो म्हणून ‘अनामत’ किंवा ‘फॉर्म फी’ मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये, आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. काम ठेकेदारामार्फत मिळणार असेल तर पाळी आठ तासांची की बारा, जादा तासांचा मोबदला किती, आणि पीएफ कोण भरणार, हे रुजू होण्याआधी विचारावे. महिनाभराने यूएएन (पीएफसाठी कामगाराला मिळणारा कायमचा क्रमांक) टाकून पीएफ खात्यात रक्कम जमा झाली का, हे मोबाइलवर स्वतः तपासावे.